व्हरांड्यातली खाट

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "डाव्या बाजूला कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसात पडलेली पोकळी. "क्षय आहे, बाई. वर्षभर तरी खाटेवर पडून राहावं लागेल."

मी विचारलं, "सोमवारी सहावीची परीक्षा आहे. ती घेऊन येऊ का?"

त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि भरतीची चिठ्ठी लिहायला घेतली.

तीन महिने संध्याकाळी बारीक ताप येत होता. खडूच्या धुळीनं खोकला झालाय, असं मी सगळ्यांना सांगत होते. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणी तसंच सांगत असेल, तर कृपा करून सांगत बसू नका, तपासून घ्या.

मी मूळची जालन्याची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. हैदराबाद शहरात, हिमायतनगरला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. हे दुखणं निघालं तेव्हा देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, आमचं हैदराबाद संस्थान अजून निजामाचंच होतं. शाळेतल्या बायका शिकलेल्या, खादी नेसणाऱ्या. देवधर्म म्हणजे अडाण्यांचं काम, असं त्यांचं बोलणं असे. माझी मैत्रीण मालती एकदा म्हणाली, "सुलू, तू ख्रिस्ती आहेस असं वाटतच नाही." मला ते कौतुक वाटलं. पुढे रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणं आपोआप सुटलं. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करणंही सुटलं.

क्षयाच्या इस्पितळात मला ठेवलं, त्या वॉर्डात आठ खाटा होत्या. दर आठवड्याला ए.पी. देत. म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरायची. फुप्फुस दबतं आणि त्याला विश्रांती मिळते. सुई आत जाताना दुखायचं, पण ते दुखणं दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. मी प्रार्थना करून पाहिली. शब्द येत, मागे काही नसे.

शेजारच्या खाटेवर जुबेदाआपा होती. नवरा तालुक्याच्या गावी निजामाच्या पोलिसात. मला खोकल्याची उबळ आली की ती आधी पाणी पुढे करी.

सप्टेंबरात भारताचं सैन्य आलं. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. वॉर्डात पेढे वाटले गेले. जुबेदाआपाच्या नवऱ्याची खबर येईना, आणि तिचा घरून येणारा डबाही बंद झाला.

मग समोरच्या खाटेवरच्या, वकिलांच्या घरच्या विमलबाईंनी विषय काढला. "हिला बाहेर व्हरांड्यात हलवायला सांगू या. धर्माबिर्माचं काही नाही हो. तिचा खोकला वाढलाय, आरोग्याचा प्रश्न आहे. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच अर्ज लिहा."

मी लिहिला. चांगल्या इंग्रजीत, वळणदार अक्षरात. दुसऱ्या दिवशी दुपारी जुबेदाआपाची खाट व्हरांड्यात गेली. जाताना तिनं आपला तांब्या माझ्याकडे ठेवला, रात्री मला तहान लागते म्हणून.

तीन दिवस मी त्या तांब्यातलं पाणी प्यायले. चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टर आले तेव्हा म्हटलं, "तो अर्ज मी लिहिला. त्यातलं खोकल्याचं खोटं आहे. तिला आत आणा."

"त्या खाटेवर नवी पेशंट आलीय, बाई."

"मग माझी खाट बाहेर न्या."

"बाहेर गारठा आहे."

"असू दे."

माझी खाट बाहेर आली. मनात पश्चात्ताप नव्हता, धाडसही नव्हतं. एवढंच कळत होतं, की वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, आणि का ते विचारायची त्यांना गरज पडली नसती.

जुबेदाआपानं विचारलं, "वो दरखास तुमइच लिखे ना?"

"हौ."

"कायकू?"

"मालूम नै, आपा."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मी तिच्या ताटलीत ठेवी. पहिले दोन दिवस ती तशीच राहिली, तिसऱ्या दिवशी तिनं खाल्ली.

मालती भेटायला आली. "तू इथे बाहेर का? आणि हिच्याजवळ?"

"मी ख्रिस्ती आहे म्हणून," मी म्हटलं.

ती ओशाळून हसली, मोसंबी ठेवून गेली. त्यानंतर फारशी आली नाही.

डिसेंबरात जुबेदाआपाचा भाऊ तिला गुलबर्ग्याला न्यायला आला. नवऱ्याची वाट बघू नकोस, एवढंच त्यानं तिला सांगितलं. ती रडली नाही. बोचकं बांधून माझ्या खाटेच्या कडेवर बसली.

"उनके वास्ते कुछ पढो. तुम्हारी जबान में."

मी प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणू लागले. लहानपणापासून तोंडपाठ. पण आपल्या अपराधांची क्षमा मागणाऱ्या ओळीपाशी आले आणि आवाज बंद झाला. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच छातीत काहीतरी हललं, आणि ते फुप्फुस नव्हतं.

तिनं माझा हात धरला. "रुक गए कायकू? आगे बोलो."

मी पुढे म्हटलं.

चौदा महिन्यांनी मी बरी होऊन घरी आले. ज्यांना आजारात प्रार्थना सुचत नाही त्यांना एवढंच सांगते: मलाही सुचत नव्हती. जिचं मी वाईट केलं होतं, तिनं ती माझ्याकडून पुरी करून घेतली.