अल्सीदकाकांना कुणी मेर्सी म्हणत नाही

आमच्या गावातल्या प्रत्येकाचा आवाज मला काढता येतो. फादर गोदें नाकातून बोलतात, ते सोपं. दुकानातली एर्मिन "आणखी काही? नाही? नक्की ना?" असं तीन पायऱ्या चढत म्हणते. पण सगळ्यात सोपे अल्सीद लांतेनकाका, कारण त्यांची वाक्यंच दोन. "पूर्ण नाव?" आणि "कुठली नाकपुडी?" मग खट्. फोन ठेवला.

अल्सीदकाका रक्त थांबवतात. त्यासाठीचे शब्द त्यांना त्यांच्या आत्याने दिले, ते कुणासमोर उच्चारायचे नसतात. जखमी माणूस समोर लागत नाही, फोनवर बाप्तिस्म्याचं नाव सांगितलं की झालं. मासे साफ करताना कापलेली बोटं, कुऱ्हाड लागलेला पाय, सगळं त्यांच्याकडे. पण हिवाळ्यात गिऱ्हाईक म्हणजे पोरांची नाकं. घराघरात शेगडी दिवसरात्र पेटलेली, हवा वाळून कोरडी ठक्क, आणि पोरं बोटं घालायची थांबत नाहीत.

आमच्या घरचं नाक म्हणजे माझा भाऊ यानिक, वय वर्षं सहा. आठवड्यातून तीनदा. आई एका हाताने त्याचं नाक चिमटीत धरायची, "मान पुढे! मागे टाकलीस तर गिळशील सगळं!" आणि दुसऱ्या हाताने फोन फिरवायची.

"पूर्ण नाव?"

"जोसेफ यानिक जेरार माले."

"कुठली नाकपुडी?"

"डावी."

खट्.

दहा मिनिटांनी रक्त थांबायचं. शाळेतली नर्स म्हणते, दहा मिनिटं नीट दाबून धरलं की थांबतंच. आई म्हणते, नर्सला काय कळतंय.

नियम एकच. अल्सीदकाकांचे आभार मानायचे नाहीत. पैसे नाहीत, सॉसेज नाही, साधं मेर्सीसुद्धा नाही. म्हणालात की त्यांचा गुण तुमच्यापुरता गेला, कायमचा. त्यामुळे झालं असं, की चुकून तोंडातून निघेल या भीतीने लोक त्यांच्याशी बोलायचेच बंद झाले. कुत्र्यालाही मेर्सी म्हणणारी एर्मिन त्यांना सुटे पैसे देताना ओठ घट्ट मिटून घेते. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको ब्लांश गेली. आमच्याकडे मयताच्या घरी आठवडाभर चूल पेटत नाही, शेजाऱ्यांकडून जेवणाची इतकी भांडी येतात. त्यांच्या दारात एकही गेलं नाही. "कोंबडीला मोबदला समजले तर?" आई म्हणाली होती. तेव्हा ते मला बरोबर वाटलं होतं.

फेब्रुवारीत यानिकने घात केला. आईने नाव सांगितलं, नाकपुडी सांगितली, आणि खट् व्हायच्या आत या पठ्ठ्याने फोन ओढून घेतला. नाक दाबलेलंच होतं.

"बेर्सी, अल्सीदकाका!"

आई किंचाळली. पलीकडे खट् झालं नाही. मी फोनला कान चिकटवला.

"कोण बोलतंय?"

"मीच. नाक."

"काय म्हणालास?"

"बेर्सी."

आईने फोन हिसकावला. "काका, लहान आहे हो तो, त्याला कळत नाही!"

"कळतं त्याला," काका म्हणाले. "पण आता याच्यासाठी मला फोन करून उपयोग नाही." खट्.

दोन दिवसांनी पुन्हा सुरू झालं, आणि पाऊण तास थांबेना. आई घाबरीघुबरी होऊन त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरणीने नाकात एक औषधी काडी टेकवली, शिरेला चटका दिला, सकाळ-संध्याकाळ लावायला मलम दिलं, शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवायला सांगितलं. तीन आठवडे एक थेंब नाही. आमच्याकडून काकांना जाणारा फोन बंद झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. अख्ख्या गावात काकांना फ्रिको, म्हणजे आमच्याकडचा कोंबडी-बटाट्याचा रस्सा, देऊ शकणारा माणूस आता एकच, यानिक. त्याचं जे काही बिघडायचं ते बिघडून झालं होतं.

आईने कोंबडी शिजवली, बटाटे घातले, वर झाकण लावलं. "मी काही दिलेलं नाही हं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी फक्त झाकण लावलंय."

काकांनी दार उघडलं. भांडं माझ्या हातात बघून एक पाऊल मागे सरकले.

"तू नाही. तो."

यानिकने भांडं घेतलं आणि उंबऱ्यावरच निम्मा रस्सा स्वतःच्या बुटात ओतला.

"पुन्हा वाहिलं तर मी नाही हं," काका त्याला म्हणाले. "नीट विचार कर."

"माझ्याकडे मलम आहे."

काकांनी भांडं घेतलं. टेबलाशी एकच खुर्ची होती. दुसरी त्यांनी आतून आणली, तिच्यावरचे कपडे पलंगावर टाकले. यानिक सरपणाच्या पेटीवर बसला. काका उभ्यानेच जेवायला लागले, मग मी बघतेय हे लक्षात येऊन बसले. सावकाश खाल्लं. हाडं ताटलीच्या कडेला ओळीने लावली.

"सगळ्यांच्या नकला करतेस म्हणे," ते म्हणाले. "माझी?"

मी मान खाली घातली. यानिक म्हणाला, "करते! रोज करते!"

"कर मग."

मी घसा खाकरला. "पूर्ण नाव? कुठली नाकपुडी? खट्."

यानिक पेटीवरून पडेपर्यंत हसला. काकाही हसले, मग वाट बघत राहिले.

"पुढे?"

"पुढे काही नाही, काका."

"एवढंच बोलतो का मी?"

"आम्हाला तेवढंच ऐकू येतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. खिडकीबाहेर बोटींचा गोठलेला धक्का होता, त्याच्याकडे बघत ते विचार करत बसले. पाहुण्यासमोर काय बोलायचं ते आठवावं लागावं, तसे.

"मला सलगम आवडत नाही," ते शेवटी म्हणाले. "हे पण घाल माझ्या नकलेत."