फुलीच्या वड्या

आटपाडीकडच्या रंगुबाईंना 'लोककलावंत' म्हणणारा पहिला माणूस इंद्रजित. वाईला त्याची संस्था आहे. घरी उसाची बागायत, पुण्यात चार वर्षं शिक्षण आणि अंगात खादीचा झब्बा. एवढ्या भांडवलावर हा गडी गोरगरिबांची कला वाचवायला निघाला. त्याला कुणी बोलावलं होतं, ते विचारू नये.

रंगुबाई धनगर. साठी ओलांडली तरी मेंढरामागं चालतात. कळपात कळप मिसळला तर आपलं जनावर ओळखावं म्हणून त्याच्या पाठीवर रंगाचा ठसा मारतात. त्यासाठी त्यांच्या घरी सासूपासून गेरूच्या वड्या होतात. पुढं शाळेतल्या पोरांनी त्या ओल्या करून चित्रं काढली, तशा बाईंनी हळदीच्या, काजळीच्याही सुरू केल्या. रंग पाट्यावर दोन दिवस घोटायचा, जिभेवर ठेवला तरी कचकच लागू नये इतका. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि तडकू नये म्हणून बोटभर मध. साच्यात दाबून सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवणाऱ्याला बाई माणसात धरत नाहीत.

जी वडी तरीही तडकली, जिच्यात खडा राहिला, तिच्यावर गोलात फुली. ती वेगळ्या पाटीत जाते, पुन्हा भिजते, पुन्हा पाट्यावर चढते. ही फुलीही मेंढरांचीच. दात पडलेली मेंढी चरू शकत नाही. तिच्या पाठीवर हीच खूण मारतात, म्हणजे खाटकाला कळतं.

इंद्रजितची गाडी दारात आली तेव्हा बाई रानात होत्या. सून राणीनं चांगल्या वड्यांची पाटी पुढं केली. साहेबांनी ती बाजूला सरकवली आणि फुलीची उचलली. त्या बाद हाईत, असं राणीनं दोनदा सांगितलं. तो हसला, ह्यातच अस्सल माती दिसते म्हणाला. मातीच ती, नीट न घोटलेली.

महिन्याभरात वाईच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणासोबत एक खोकं आलं. वर 'रंगुबाईंचे रंग', खाली गोलात फुली, आत त्याच वड्या आणि माहितीचा कागद: सूर्य आणि चार दिशांचं प्राचीन धनगरी प्रतीक. म्हणे संशोधन केलंय. राणीनं वाचून दाखवलं. बाईंनी वडीवरून बोट फिरवलं, खडा लागला. आपल्या नावावर बाद माल, एवढंच त्या बोलल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी साताऱ्याला गाडी बदलून त्या वाईला पोचल्या. झब्बा काढून इंद्रजितनं आज टी-शर्ट घातला होता, छातीवर तीच फुली. बाईंनी त्याला कोपऱ्यात घेतलं. खोकी उचला, नाव माझं हाय, म्हणाल्या. लहान पोराची समजूत काढावी तसा तो गोड हसला.

"मावशी, लोकांना कुठं कळतंय?"

"मला कळतंय की."

त्यानं ऐकून सोडून दिलं आणि त्यांना प्रात्यक्षिकाच्या टेबलावर बसवलं. बाईंनी पदराच्या गाठीतली काजळीची चांगली वडी सोडली, पाण्याचा हात लावला, पिशवीतून लाकडी ठसा काढला आणि एकेक खोकं ओढून आपल्या नावावर फुली मारत सुटल्या. लोक फोटो काढत होते. एका मॅडमनी तर कौतुकानं स्वतःची वही पुढं केली. तिच्यावरही मारली. मग मॅडमनीच अर्थ विचारला आणि माईक पुढं धरला.

"दात पडलेल्या मेंढीवर मारतो आमी ही. खाटकाला द्याची म्हंजी."

मॅडमनी वही पर्समध्ये घातली. बाई खोकी पोत्यात भरू लागल्या, आणि त्यांचा हात धरायला कुणी धजलं नाही. इंद्रजित जवळ येऊन पुटपुटला, की आता टी-शर्टांचं काय करू, दोनशे छापलेत.

बाईंनी त्याच्या छातीकडं नीट बघितलं.

"ती ऱ्हाऊ द्या, दादा. बरोबर जागी बसलीया."

दुसऱ्या दिवशी साऱ्या वड्या पाण्यात पडल्या आणि बाई पाट्याला बसल्या.