नको म्हटलेली पगारवाढ

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सदर बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं काढली. आम्ही सहा बाया होतो. मालक मराठी, मराठ्यांच्या राज्यापासून इथलंच घराणं. माझे वडील रेल्वेत, नागपूरकडून बदलून आलेले. भाषेच्या तेवढ्या धाग्यावर मालक मला ताई म्हणत. गिऱ्हाइकांना सांगत, की आमच्याकडे नोकर कोणी नाही, सगळी घरची माणसं.

एका सकाळी शटर अर्धं वर असतानाच त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं आणि चहा मागवला. एरवी दिवसभर आम्हाला बसायची मुभा नव्हती. किमान वेतनाचा नवा दर आला आहे, तो द्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलोसुद्धा. मग ते म्हणाले, "पण त्या दरात सहाजणी परवडत नाहीत. दोघींना जावं लागेल. कोण, ते तुम्हीच ठरवा."

चहावर साय धरली. शेवटी शहराबाहेरच्या बीरगांवहून येणारी, आमच्यात सगळ्यांत मोठी, जिला आम्ही दीदी म्हणायचो, ती म्हणाली, "भैया, पुराना ही दे दो. पर सबको रहने दो." सगळ्यांनी होकारार्थी मान हलवून हव म्हटलं. मीही.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मालकांनी स्टेजवरून ही गोष्ट सांगितली. आमच्या बायांनी आपणहून वाढ नाकारली, याला निष्ठा म्हणतात. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या माझ्या पोट्टीनं हिंदीतच विचारलं, खरंच तू नको म्हणालीस? मी तिला प्रसाद आणायला पाठवलं.

दिवाळीची गर्दी सरली आणि त्यांनी दीदीला काढलं. उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते, माळ्यावरून साड्या आणायला वेळ लागायचा. ग्रॅच्युइटीचं नाव नाही. एक साडी दिली, तीही मागच्या सीझनची. मी मालकांना विचारलं, "आम्ही वाढ सोडली ते काहून? साऱ्याजणी राहाव्या म्हणूनच ना?"

त्यांनी गल्ल्यातून मान वर केली नाही. म्हणाले, "ताई, मी तसं लिहून दिलं होतं का?"

दीदीला घेऊन मी कामगार कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की कामगार नको म्हणाला तरी मालकाला किमान वेतन द्यावंच लागतं; तुमच्या त्या 'हव'ला काही अर्थ नव्हता. दीदी बाहेर पायरीवर बसली. गुडघे चोळत म्हणाली, "तो हम लोग काहे को डरे थे?"

दीदीनं दावा लावला; साक्षीदार म्हणून नाव द्यायला मी एकटीच पुढे झाले. बाकीच्यांना घरं चालवायची होती, त्यांना मी बोल लावत नाही. दुसऱ्या दिवशी मला दुकानाची पायरी चढू दिली नाही.

कामगार कोर्टात पहिल्या तारखेला मालकांच्या वकिलानं दीदीकडे बोट करून सांगितलं, की ही बाई दुकानात कधी कामालाच नव्हती. दीदीला वाटलं, आता आपल्याला विचारतील. बाकाला धरून ती उठू लागली. ती सरळ उभी राहीपर्यंत पुढची तारीख पडून दुसऱ्याच केसचा पुकारा झाला होता.