सूनबाईनं आज काय खाल्लं?

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात बाळ रडायला लागलं, की सगळ्यात आधी उठायचे ते माझे सासरे, अण्णा. पण बाळाकडे यायचे नाहीत. बाहेरच्या खोलीत उभे राहून सासूबाईंना खणखणीत आवाजात विचारायचे, "सूनबाईनं आज काय खाल्लं?" अंगावर पाजणाऱ्या सुनेशी सासऱ्यानं थेट कसं बोलायचं, म्हणून प्रश्न त्यांना आणि ऐकायचं मी. शेजारच्या चार घरांना माझं दिवसभराचं जेवण पाठ झालं होतं.

अण्णांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. खोट कुठून आली हे शोधल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. ते निवृत्त झाले आणि नेमकी तेव्हाच चिमी जन्मली. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. चिमी रोज दिवेलागणीला सुरू व्हायची. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची आणि लालबुंद होईपर्यंत रडायची. वजन छान वाढत होतं, ताप नाही, उलटी नाही. फक्त रडणं थांबेना. अण्णांना त्यातली खोट लगेच सापडली. ती माझ्या ताटात होती.

पहिल्यांदा वांगं गेलं. मग गवार, बटाटा, कोबी, हरभऱ्याची डाळ. "वातूळ हाय ते. सगळं लेकराच्या पोटात उतरतंय." एकदा पोह्यातले दोन शेंगदाणे पोटात गेले, तर त्या संध्याकाळचा आळ त्या दोन दाण्यांवर आला! शेवटी उरला मऊ भात, तूप-मीठ आणि भाकरी. चिमीला पाजताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून सासूबाई वरच्या दुधाचं बोलू लागल्या. मला पाजायचं होतं हो! त्यासाठी तर सगळं निमूट सोडत होते.

एक गोष्ट मात्र वाढतच गेली, म्हशीचं दूध. अण्णा रोज पहाटे स्कूटर काढून ओळखीच्या गोठ्यावरून ते आणायचे. "दुधानं दूध येतं" हा त्यांचा कायदा. सकाळी पेला, दुपारी अळिवाची खीर, रात्री पुन्हा पेला. दूध ते स्वतः गाळायचे, आणि मी प्यायले का, हे सासूबाईंना दोनदा विचारायचे. त्यात त्यांचा जीव होता, हे मला दिसत होतं. म्हणून तर धड रागावताही येत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चिमीला तपासलं आणि माझ्याकडे बघून त्या चिडल्याच. "तिला काही झालेलं नाही. अशी बाळं तीन-चार महिन्यांत आपोआप शांत होतात. तुम्ही पोटभर, सगळं खा. एखाद्या बाळाला आईनं घेतलेलं गाई-म्हशीचं दूध सोसत नाही. हवं तर दोन आठवडे दूध, दही सगळं बंद करून बघा. फरक नाही पडला तर पुन्हा घ्या."

घरी हे सांगितलं तर अण्णा बाहेरून गरजले, "दूध बंद? निर्भेळ दूध हाय ते! काय कळतं त्या डॉक्टरला?"

माझा तोल गेला. चिमीला खांद्यावर घेतलं आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, खोट शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तुम्हीच सांगता ना? मग माझं सगळं ताट काढून घेतलं, आणि तुम्ही आणता ते तेवढं तपासायचं नाही?"

सासूबाई दारातच थिजल्या. अण्णांनी एकदा चिमीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "व्हय. बरोबर हाय तुझं. दूध बंद. पण बाकीचं आत्ता चालू करायचं नाय. एका टायमाला एकच!"

करायला गेले एक अन् झालं भलतंच. आता दूधही गेलं. दोन आठवडे चिमी रडली तशीच रडली. दूध पुन्हा सुरू केलं, तरी तेवढीच रडली. शेवटी मी वैतागले. एका दुपारी झणझणीत वांग्याची भाजी केली आणि सगळ्यांदेखत तीन भाकऱ्यांशी खाल्ली. अण्णा बघत राहिले. त्यानंतर मी सगळंच खाऊ लागले. दूधही पुरायला लागलं. आणि चौथ्या महिन्यात कधीतरी चिमीचं रडणं आपलं आपणच गेलं.

"माझं चुकलं" असं अण्णा कधीच म्हणाले नाहीत. पुढे माझी नणंद बाळंत झाली. सव्वा महिन्यानं ती सासरी गेली, तर तिथं तिचं बाळ असंच रडायला लागलं. अण्णांनी लगेच तिच्या सासूला फोन लावला. "लेकीला माझ्या पोटभर जेवू द्या. वांगं द्या, डाळ द्या, मागंल ते द्या. लेकरू आपलं आपण शांत होतं. आमच्याकडं सगळं बघून झालंय."

कणीक मळता मळता माझे हात थांबले. बघून झालंय! कुणाच्या पोटावर? उपाशी मी राहिले आणि शहाणपण लेकीच्या पदरात! इतका संताप आला, की रडूच फुटलं. एक दिवस हे अण्णांना सुनवायचंच, असं तेव्हाच ठरवलं. पण बोलायला जावं तर चिमी त्यांच्या मांडीवर बसलेली असायची, आणि ते तिला घास भरवत असायचे. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता राहूनच गेलं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. माझा राग अजून तसाच आहे. पण भांडायला समोर माणूस नको का?