दगडाखालचा पहिला कागद

नरसम्मा अक्का गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. मी सुताच्या पेढीवर कामात होतो. "अण्णा, अक्का गेल्या..." एवढंच ती बोलली. दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, त्या मला आमच्या पेठेतल्या महापालिकेच्या दवाखान्याच्या पायरीवर भेटल्या होत्या. दाराला कुलूप होतं. त्यांनी आपला केसपेपर पायरीवर ठेवला, वर दगड ठेवला आणि म्हणाल्या, "मोजा की अण्णा. माझा एक धरा."

अक्का माझ्या शेजारी. घरात तेलुगू, नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो गेल्यावर त्यांनी विड्या वळून दोन मुलं वाढवली. रक्तदाबाची गोळी त्यांना याच दवाखान्यात फुकट मिळायची. सकाळी लवकर येऊन केसपेपर दगडाखाली ठेवायचा, घरी जाऊन विड्या वळत बसायचं, आणि डॉक्टर आले की कागदांच्या क्रमानं हाक यायची. दुसऱ्याचा कागद कुणी कधी हलवला नाही.

जकात होती तेव्हा नाक्यावरचा पैसा शहराच्याच तिजोरीत पडायचा. जकात गेली, एलबीटी हा स्थानिक कर आला, तोही गेला आणि जीएसटी आला. आता पैसा आधी वर जातो आणि भरपाई म्हणून खाली येतो. नाक्यावरची चिरीमिरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे जकातीचं मला प्रेम नाही. कर बदलला याचीही तक्रार नाही. पण खाली आलेल्या पैशात आमच्या पेठेचा नंबर नेहमी शेवटचा का? डॉक्टर रोज यायचे ते फक्त मंगळवारी येऊ लागले, मग तेही थांबलं. मी अक्कांना हे सगळं समजावलं तेव्हा विडीचा दोरा तोडत त्या म्हणाल्या, "साबण घेतला तरी माझा टॅक्स जातोय की. वर जायला लिफ्ट हाय, आन् खाली यायला जिना बी न्हाय व्हय?"

आम्ही दोघं महापालिकेच्या कचेरीत गेलो. टेबलामागचे साहेब म्हणाले, "मावशी, तिथं रुग्णच येत नाहीत. आकडा शून्य आहे. म्हणून तो खर्च दुसरीकडे वळवला."

"डाक्टरच न्हाय, तर पेशंटनं काय कुलपाला नाडी दाखवायची?"

साहेब हसले. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आधी डॉक्टर काढून घ्यायचा, मग रुग्ण नाहीत म्हणून पैसा काढून घ्यायचा... आणि वर याला नियोजन म्हणायचं!

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "शून्य म्हणत्यात व्हय? दाखवू की." पुढच्या मंगळवारी कुलपासमोर अकरा कागद होते. मग सतरा. विड्यांच्या कारखान्यावरच्या बायकांना त्या दटावून आणायच्या. मी कागद मोजून वहीत लिहायचो. "आता अर्ज करा की," त्या म्हणायच्या. "सहा महिन्यांचे आकडे होऊ द्या," मी म्हणायचो, "मग कुणाला बोट ठेवता येणार नाही." सहा महिने भरायला तीन मंगळवार उरले होते, तेव्हा अक्का गेल्या. डोक्यात रक्तस्राव झाला.

दवाखाना उघडा असता तर त्या वाचल्या असत्या, असं मी लिहिणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. त्यांच्या गोळ्या संपल्या होत्या आणि विकतच्या गोळ्या त्या एक दिवसाआड घेत होत्या, हे सुनेनं नंतर सांगितलं. एवढं मला माहीत आहे. आणि मी त्यांना थांबा म्हणत होतो, हेही.

अर्ज आता दिला आहे. साहेब या वेळी हसले नाहीत. "बघतो," म्हणाले.

परवाच्या मंगळवारी पायरीवर गेलो, तर पहिला कागद अक्कांचा होता. सुनेनं ठेवला होता. "धरा की अण्णा," ती म्हणाली. मी नाही म्हणालो. एक कागद खोटा निघाला, तर साहेबांना पुन्हा हसायला मिळेल, आणि ते मी होऊ देणार नाही. पण दगड मी हलवला नाही. मागच्या बायकांनीही हलवला नाही. वही उघडली आणि दुसऱ्या कागदापासून मोजायला सुरुवात केली.