डोहाळ्यांचा पाव

नव्या पेठेच्या तोंडाशी एक बाई गाडा लावायची आणि पावात भजी भरून विकायची. संध्याकाळी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची आणि घरी कुणाला सांगायची नाही. यात लपवण्यासारखं काय, असं आजच्या मुलींना वाटेल. बहात्तरचा दुष्काळ सरून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, आणि सोलापुरात घरची बाई गाड्यावर खाताना कुणाला दिसत नसे. त्यातून मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. निम्म्या गल्लीची पोरं माझ्या वर्गात.

तिची पद्धत मला अजून पाठ आहे. पाव मधोमध चिरायचा, पण पुरता तोडायचा नाही. आतून दोन्ही अंगांना शेंगांची लाल चटणी तेलात कालवून फासायची, कढईतून काढलेली बटाट्याची दोन भजी आत घालायची, वर कच्चा कांदा, एक तळलेली मिरची, आणि मग तळहातानं सगळं दाबून कागदावर ठेवायचं. पहिल्या घासाला जीभ भाजायची. मला ते भाजणंच हवं असायचं.

कारण गरम असं मी दिवसभरात दुसरं काही खातच नव्हते. शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. नवरा गिरणीत पहिल्या पाळीला, घरात सासूबाई आणि दोन मुली. नळाला पाणी पहाटे यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, म्हणून चारला उठून नंबर लावायचा. मग नवऱ्याच्या डब्याच्या भाकरी, मग मुलींच्या वेण्या, मग सासूबाईंचं न्याहारीपाणी, मग अकरा ते पाच पन्नास पोरांपुढे घसा फोडायचा आणि परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसायचं. सून सगळ्यांच्या शेवटी जेवायची. सकाळची भाकरी उरली असेल तर ती आधी संपवायची, आणि ती कुणी संपवायची हे विचारायचं कारणच नव्हतं. रोज वीस-बावीस भाकरी थापायची मी, आणि खायची शिळी. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांनीही जन्मभर तेच केलं होतं. राग काढायला घरात कुणी सापडेना, म्हणून मी तो पाढे चुकणाऱ्या पोरांवर काढायची. त्याची अजून लाज वाटते.

"बाई, बसा की. उबं राहून खाल्लेलं अंगी लागत न्हाय," गाड्यावरची म्हणायची आणि रॉकेलचा रिकामा डबा उपडा घालून द्यायची. मी पदर डोक्यावर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसायची. ती काही विचारत नसे. मी कुणाची आई, कुणाची सून, कितवीला शिकवते, यातलं काहीच तिला नको होतं. त्या पंधरा मिनिटांत मला कुणी हाक मारत नसे, एवढंच सुख.

पावाखालच्या रद्दीत त्या दिवसांत व्हिएतनामच्या लढाईच्या बातम्या असायच्या. बातमी अर्धी फाटलेली, उरलेल्या अर्ध्यावर तेल. कुठलंसं शहर पडलं, कुठलं पडायचं होतं. त्याच शहरांत लोक असाच, पण लांबडा पाव चिरून, आत मांस, काकडी, मिरची भरून रस्त्यावर उभे राहून खातात, हे मला फार वर्षांनी समजलं. तेव्हा समजलं असतं तर त्या बातम्या मी कदाचित जरा नीट वाचल्या असत्या. पण तेव्हा मी इतकी दमलेली असायची, की कागदाचा उपयोग बोटं पुसायला करायची.

थंडी सरता सरता शेजारच्या बाईनं मला तिथं पाहिलं आणि तिची वर्दी माझ्याआधी घरी पोचली. मी उंबऱ्यात चपला काढत होते तोवर सासूबाईंनी विचारलं, "नव्या पेठंत पाव खातीस म्हनं तू?"

सुनेनं गाड्यावर खायचं म्हणजे घरात तिला पोटभर मिळत नाही, असाच अर्थ गल्ली काढणार. सासूबाईंची अब्रू गेली होती, आणि ती मी घालवली होती. मान खाली घालून मी बोलणी खायला उभी राहिले.

त्या मात्र हसत होत्या. आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप आला की दुधात कुस्करून द्यायचा. धडधाकट बाईला रोज उठून पाव खावासा वाटतो, तर त्याला काही कारण पाहिजे, आणि सासूबाईंनी ते शोधून काढलं होतं. दोन महिने मी बाजूला बसले नव्हते, हेही त्यांनी मनात मोजून ठेवलं होतं.

"सांगायचं न्हाय व्हय येडे? डोहाळं हायती ते. आमाला काय लेकरं झाली न्हाईत का?"

मी तोंड उघडलं होतं, हे खरं. दिवस गेले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. दमणुकीनं माझी पाळी पूर्वीही अशी लांबायची. आणि नवरा-बायको म्हणून म्हणाल, तर आम्ही दोघंही अंथरुणाला पाठ टेकताच मेल्यासारखे झोपत होतो, त्यातून काय होणार होतं! पण तेवढ्यात त्यांनी मला पाटावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. पापुद्र्यातून वाफ येत होती. मी आधी खाऊन घ्यायचं ठरवलं.

त्याच दिवशी सांगितलं असतं, तर दोघी हसलो असतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर त्या चिडल्या असत्या. तिसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा बाहेर उजाडलं होतं. घागरी भरलेल्या, नवरा डबा घेऊन गेलेला, धाकटीची वेणीसुद्धा घातलेली. कित्येक वर्षांत मी अशी झोपले नव्हते. त्या झोपेनंतर मात्र मी काही सांगितलं नाही.

तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही, अगदी लेकापाशीही नाही, हा त्यांचाच दंडक. त्यामुळे मला खोटं असं बोलावंच लागलं नाही. मी नुसती गप्प बसले. त्या पहाटे पाण्याला जायच्या, भाकरी करायच्या, आणि एक दिवसाआड दुखऱ्या गुडघ्यांनी नव्या पेठेत जाऊन माझ्यासाठी पाव आणायच्या. "तू नगं जाऊ उन्हातानाचं. म्या आनती की." तो पाव घरी येईपर्यंत गार होऊन मऊ पडायचा. चटणी पावात मुरून जायची. गाड्यावरची चव त्याला नव्हती. मी खायची, आणि त्या समोर बसून बघायच्या. दोन नातींवर नातू यावा, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण एका रविवारी दुपारी जुनं मऊ लुगडं फाडून त्याची दुपटी शिवताना मी त्यांना पाहिलं. आणि तरी त्यांनी आणलेला पाव संपवून मी रात्रभर झोपले. झोपेची हाव किती वाईट असते, हे ज्यानं कधी जागरणं काढली नाहीत त्याला नाही समजायचं.

तीनेक आठवडे असे गेले आणि माझी पाळी आली. फार आली, इतक्या दिवसांची साठलेली. आमच्या घरात ती लपवायची सोय नव्हती. चार दिवस दाराजवळच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. लपवून बघू का, हा विचार येऊन गेला. पण देवाचं ताट, सासूबाईंचं पाणी, सगळ्याला शिवत हिंडायचं आणि वर तोंड सरळ ठेवायचं, एवढं बळ कुठून आणू? मी जाऊन पोत्यावर बसले.

सासूबाई नळावरून आल्या, मला पाहिलं, आणि डोक्यावरची घागर त्यांनी फार हळू खाली ठेवली.

"लई दुकतंय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. दुखत होतं, ते काही खोटं नव्हतं.

त्यांना वाटलं, पोट पडलं. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला. नवऱ्याला त्यांनी "तिला बरं न्हाय" एवढंच सांगितलं. मला गूळ-तूप, बाळंतशेपा, शेगडीत ओवा टाकून धुरी, सगळं बाळंतिणीसारखं. माझ्यासाठी कुणी इतकं कधी केलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडायची आणि त्या समजायच्या की मी त्या लेकरासाठी रडते. ती दुपटी त्यांनी कुठं टाकली, मला कधीच दिसली नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुली शाळेत होत्या. सासूबाई आल्या आणि विटाळ बाजूला ठेवून सरळ माझ्या पोत्यावर बसल्या.

"मैद्याचा पाव," त्या म्हणाल्या, "त्यात तळकट, त्यात तिकटजाळ. लई उष्न पडलं. मला कळाय पायजे हुतं. तीन लेकरं काढली म्या, मला कळाय नगं? तू आपली गपगुमान खात हुतीस. म्याच आनून आनून चारला. माज्या हातानं."

एक वाक्य पुरे होतं. आत्याबाई, पोटात काही नव्हतंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि मी त्याच्या पुढचं बघत होते: त्यांचा चेहरा, गल्ली, नवरा, आणि उद्या पहाटे चार वाजता थंड घागरीचा काठ माझ्या हातात. मी भ्याले, हे खरं. पण त्याहून जास्त, मला उठायचं नव्हतं. पुढे त्या नऊ वर्षं जगल्या. त्यांनी घरात पुन्हा पाव येऊ दिला नाही, मुली तापानं फणफणल्या तरी नाही. गुडघे पार जाईपर्यंत पहाटेचं पाणी त्यांनीच भरलं, मला नळावर जाऊ दिलं नाही. नऊ वर्षांत बोलायला निवांत वेळ हजारदा मिळाला. दर वेळी मी म्हटलं, आज नको, आज दमलेय. त्या गेल्या त्या मनात एक नातू धरून, आपल्या हातानं गेलेला.

त्या दुपारी त्यांनी माझा हात धरला. चार दिवसांतल्या बाईला त्या आयुष्यात पहिल्यांदा शिवत होत्या. हाताला घागरीतल्या पाण्याचा गारठा होता.

"चुकलं माजं, पोरी," त्या म्हणाल्या. "मनात ठिवू नगंस."

आणि मी, पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारी मास्तरीण, भिंतीला टेकून म्हणाले, "असू द्या, आत्याबाई. मी नाही मनात ठेवत."