पत्रास कारण की, निळी बाटली

"पत्रास कारण की..." अशी आमच्या मामांच्या प्रत्येक व्हॉइस मेसेजची सुरुवात असे. त्याआधी ते गाडी बाजूला घेत, हँडब्रेक ओढत, डोक्यावरची टोपी सरळ करत आणि मोबाईल तोंडासमोर आडवा धरत. फक्त आवाज जाणार असताना टोपी कशाला, हे विचारायची सोय नव्हती. मजकूर संपला की "कळावे" म्हणत आणि मगच बोट उचलत.

मामा नेरूळच्या आमच्या विशेष मुलांच्या शाळेची गाडी चालवत. खांदेश्वरपासून येताना एकूण चौदा मुलं. मूळचे साताऱ्याकडचे, आधी वाशीच्या मार्केटात टेम्पोवर होते. "कांदा बोलत न्हाय, ही पोरं बोलत्यात," असं नोकरी बदलण्याचं कारण सांगत. त्यातली निम्मी मुलं बोलू शकत नसत, पण ही हरकत मामांनी कधी मान्य केली नाही.

मी त्या शाळेच्या ऑफिसात कारकून. मामा मला साहेब म्हणत. तीही दुरुस्ती त्यांनी कधी मान्य केली नाही.

एका वर्षी शाळेला ॲप मिळालं. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षक, थेरपिस्ट, डॉक्टर आणि पालक या सगळ्यांनी एकाच जागी लिहायचं, म्हणजे याचं त्याला कळेल. कल्पना चांगली होती, समारंभ त्याहून मोठा झाला. टॅबला लाल रिबीन बांधली होती, ती पाहुण्यांनी कापली. कुणीतरी स्क्रीनवरच हळदकुंकू वाहिल्यामुळे पहिली दहा मिनिटं टॅब कुणाच्याच बोटाला दाद देत नव्हता. मग कंपनीचा तरुण 'समन्वय' या विषयावर बराच वेळ एकटाच बोलला. शेवटी त्यानं प्रश्न विचारायला सांगितलं, तसे शेवटच्या रांगेतून मामा उठले.

"ह्यात गाडीवाल्यानं कुठं दाबायचं?"

ॲपमध्ये गाडीवाला नव्हताच. चारच प्रकारची माणसं त्याला ठाऊक होती. तरुणानं जागच्या जागी तोडगा काढला आणि मामांना पालक म्हणून नोंदवलं. चौदाही मुलांचे. त्या संध्याकाळी मामांच्या फोनवर 'अभिनंदन, पालक' असा संदेश चौदा वेळा आला.

"मंडळींना अजून सांगितलं न्हाय, साहेब," दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले. "चौदा म्हटल्यावर गावाकडं चौकशी व्हईल."

पालक झाल्यावर मामा पत्रं पाठवू लागले. दिवसाला तीन, कधी चार. कोण कुठल्या सिग्नलला हसलं, कुणाच्या बुटात खडा होता, कुणाचा डबा आज आजीनं भरलाय आणि तो कशावरून ओळखायचा. पालकांचे निरोप ऑफिसकडे येत, त्यामुळे ही सगळी पत्रं फक्त माझ्या फोनवर वाजत आणि मामांना उत्तर हवं असे. "उत्तर यायला पायजे, साहेब. न्हायतर पत्र पोचलं का वाटंत पडलं, कसं कळायचं?" मी सुरुवातीला अंगठा पाठवायचो. पंधरा दिवसांनी मी त्यांचा आवाज बंद करून टाकला. लिहिताना बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. तुमच्याही फोनात असा एखादा माणूस गप्प करून ठेवलेला असेलच.

खांदेश्वरहून एक मुलगी येत असे. नऊ वर्षांची, चाकाच्या खुर्चीत बसणारी. बोलता येत नसे, पण उजव्या हाताचं एक बोट तिचं ऐकायचं. त्या बोटासाठी आमच्या थेरपिस्ट मॅडमनी टॅबवर चित्रं लावली. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलणार. पहिलं चित्र पाण्याचं होतं. काचेचा देखणा ग्लास, अर्धा भरलेला.

महिनाभर मुलीनं त्याला हात लावला नाही. वर्गातल्या बाईंनी ॲपवर लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' मॅडमनी लिहिलं, 'चित्र ओळखत नाही.' डॉक्टरांनी लिहिलं, 'वरीलप्रमाणे.' समन्वय उत्तम चालला होता. सगळे एकमेकांचं वाचून एकमेकांशी सहमत होत होते. सोमवारपासून मुलीला वर्गातून काढून सांभाळवर्गात पाठवायचं ठरलं. तिथं जेवण, झोप, मालिश सगळं वेळेवर होतं. शिकवणं होत नाही. तिथून वर्गात परत आलेलं मूल मी पाहिलेलं नाही. मुलीच्या आईला ही बातमी फोनवर, 'सूचना' या मथळ्याखाली मिळाली.

शुक्रवारी मामा टोपी हातात घेऊन ऑफिसात आले.

"साहेब, उत्तर न्हाय आलं. तीन पत्रं झाली."

"कामात होतो हो, मामा. काय होतं पत्रात?"

"ऐका की. मी हाय हितंच."

त्यांच्यासमोर त्यांचंच पत्र लावावं लागलं. स्वतःचं बोलणं ते मान डोलावत ऐकत होते.

"पत्रास कारण की, खांदेश्वरची ताई गेटवर रडत हुती. पोरीला चित्र कळत न्हाय असं लिवलंय म्हणं. तर त्ये चित्र गलासाचं हाय. पोरगी गलासानं पाणी पीतच न्हाय. सांडतंय म्हणून निळ्या बाटलीनं देत्यात, नळीवाल्या. घरी तीच, गाडीत तीच. उरण फाट्याच्या सिग्नलला ती बाटलीकडं बगती, मग मी देतो. रोज. तिला गलास काय म्हाईत? मला उद्या होडी दावून इचारलं, मामा, तुमची गाडी कुठली, तर मी काय दाबू? कळावे."

शाळेतही मावशी तीच निळी बाटली तिच्या तोंडाला लावत. आम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिली होती. पाहिलेलं कुणी लिहिलं नव्हतं, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी पत्र एकदा ऐकलं, परत एकदा ऐकलं. मग खाली गेल्या, बाटली गाडीच्या सीटवर ठेवली आणि तिचा फोटो काढला.

सोमवारी ग्लासाच्या जागी बाटली होती. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग बोट हललं. "पाणी," टॅब म्हणाला. ती प्यायली. पुन्हा बोट. पुन्हा पाणी. दुपारपर्यंत बाटली दोनदा भरून झाली आणि वर्गातल्या बाई कधी डोळे पुसत होत्या, कधी फरशी.

"झालं," मामा म्हणाले. "आता मला उरण फाट्याला बाथरूम शोधावं लागणार."

सांभाळवर्गाचा कागद मी फाईलच्या तळाशी घातला. शाळेत कागद फाडत नाहीत.

मग टॅबवर लावायच्या फोटोंची लाटच आली. मुलीच्या आईनं पैठणी नेसून फोटो काढून आणला. मामांनी तो गेटवरच परत केला. "ताई, ही कोण? घरात गाऊनवर असता न्हवं? तसाच काढा." स्वतःच्या फोटोसाठी मात्र ते दाढी करून, नवी टोपी घालून आले. मुलीनं त्या फोटोकडे निवडणुकीच्या पोस्टरकडे बघावं तसं बघितलं. तेव्हा मॅडम गाडीत मुलीच्या जागेवर जाऊन बसल्या आणि तिथून फोटो घेतला. टोपीची मागची बाजू, पांढऱ्या केसांची मान, एक कान आणि आरशात पाव डोळा. मुलगी हसली आणि तिनं बोट ठेवलं. "मामा," टॅब म्हणाला.

"मी मागनं असा दिसतो व्हय?" मामा म्हणाले. "कुणी बोललं न्हाय कदी."

वर्षअखेर कंपनीनं पडद्यावर मुलीचा आलेख दाखवला. वर 'माहितीवर आधारित निर्णय' असं लिहिलं होतं. मामा शेवटच्या रांगेत वेफर्स खात होते. "गाडीवाल्याचं झालं का हो?" त्यांनी विचारलं. पुढच्या आवृत्तीत होईल, असं उत्तर मिळालं.

पुढच्या आवृत्तीपर्यंत मामा थांबले नाहीत. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, तसं कुणी न सांगता त्यांनी काम सोडलं. "मागं पोरं असत्यात, साहेब. डोळ्याचा भरवसा न्हाय तर बसायचं न्हाय." नव्या ड्रायव्हरच्या हातात त्यांनी आधी निळी बाटली दिली, मग किल्ली. आणि गावी गेले.

ॲपवरून त्यांचं नाव काढणं माझ्याकडे आलं. पडद्यावर अक्षरं आली: 'या पालकास काढल्यास चौदा विद्यार्थ्यांशी असलेला संपर्क तुटेल. आपली खात्री आहे?' नव्हती. मी रद्द दाबलं.

आठवड्यानं मुलगी वर्गात सारखं एकच चित्र दाबू लागली. नवा ड्रायव्हर सज्जन माणूस, पण त्याची मान वेगळी. बाईंनी समजावलं, मामा गावाला गेले. ती दाबतच राहिली. शेवटी मॅडमनी माझा फोन टॅबसमोर धरला आणि आवाज भरून घेतला. "मामा. पाणी. मामा." उरण फाट्याच्या सिग्नलबद्दल बोलत असणार, असं आम्ही धरून चाललो. तेवढंच मामांना पाठवलं.

उत्तर संध्याकाळी आलं. त्यात 'पत्रास कारण की' नव्हतं. आधी नुसतीच कुठल्या तरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत राहिली. मग मामा खाकरले.

"पोचलं," म्हणाले.

'कळावे' म्हणायचं राहिलं आणि बोट उचलायचंही राहिलं. पुढची दोन मिनिटं फोनात त्यांच्या गावचा वारा होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला.